लांब म्हणजे किती लांब?

माझा भाचा जर्मनीत हायडेलबर्गला शिकतो. मागच्या हिवाळ्यात त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, अश्दोदला अंथरुणाला खिळली. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, यायचं मनात आहे हो, पण किती लांब आहे!"

फोन ठेवून मी हिशेब मांडला. हायडेलबर्गहून फ्रँकफुर्टचा विमानतळ सुमारे 80 किलोमीटर, म्हणजे मोटारीने तासाभराची वाट. तेथून लोदजवळचा आपला विमानतळ सुमारे 3000 किलोमीटर, विमानाने चार-साडेचार तास. पुढे अश्दोद पाऊण तास. मधला खोळंबा धरला तरी सकाळी निघालेला मुलगा रात्री आईच्या उशाशी बसेल. मग लांब म्हणजे काय?

आपल्या वाडवडिलांपैकी काहीजण नोकरीसाठी मुंबईहून एडनला आगबोटीने जात. घरी मयत झाले तर पत्र पोचेपर्यंत शिवाचे सात दिवस सरून जात. अशा मुलाला कोणी दोष देत नसे, कारण त्याचा इलाज नव्हता. जिथे इलाज नाही तिथे अपराधही नाही.

कधी अंतर समुद्र ठरवत नाही, सत्ता ठरवते. 22 मार्च 2018 रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी अरेबियावरून तेल अवीवला आले. त्या काळी मुंबईहून येणारे एल आलचे विमान मात्र तांबड्या समुद्रावरून वळसा घेत असे. पृथ्वी काही आकसली नव्हती. परवानगी मिळाली आणि सुमारे दोन तास वाचले.

हायडेलबर्गनेही असे अंतर पाहिले आहे, पण फार क्रूर. 1938 च्या नोव्हेंबरात तेथील सिनेगॉग जाळले गेले. 22 ऑक्टोबर 1940 रोजी बाडेन आणि आसपासच्या प्रांतांतून साडेसहा हजार यहुद्यांना आगगाड्यांत कोंबून फ्रान्समधील गुर्सच्या छावणीत नेले. त्यांत हायडेलबर्गचे यहुदीही होते. घरी परतायला किती तास लागतील, हा प्रश्नच त्यांना उरला नव्हता.

त्याच गावच्या विद्यापीठातील प्राध्यापक गुंथर सोंथायमर (1934-1992) मात्र आपल्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येत राहिले. मराठी शिकले, धनगरांत मिसळले, खंडोबा-बिरोबाच्या ओव्या ऐकत बसले. धनगर त्यांचे ना सगे ना सोयरे. ओढ असली की माणूस वाट शोधतो.

कोणी म्हणेल, तिकिटाला पैसे लागतात, परीक्षा असते, रजा मिळत नाही. हे खरे आहे, आणि ज्याला खरोखर जमत नाही त्याला टोचून बोलणे हेही पापच. पण आईबापाचा मान राखावा या आज्ञेला मैलांची मर्यादा घातलेली नाही. वाट जितकी सोपी होते, तितकी आपली सबब लहान होते आणि जबाबदारी मोठी.

हे सर्व भाच्याला पत्रात लिहायला बसलो आणि हात थांबला. मी स्वतः लोदला राहतो. अश्दोदला जायला मला पाऊण तासही पुरतो. आणि बहिणीला भेटून मला दोन महिने झाले होते.

पत्र तसेच ठेवले आणि बसस्टॉपवर गेलो. भाचा आठ दिवसांनी आला. बहिणीने त्याला विचारले नाही की इतके दिवस का लागले. मलाही विचारले नाही. वाचकहो, आईचे आणि बहिणीचे मन असेच असते. म्हणूनच तो प्रश्न आपला आपणच स्वतःला विचारायला हवा.