एका क्षणाचे अनेक साक्षी

डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आणि त्वचेला जाणवलेले हे सर्व एकाच क्षणी घडले, असे आपण ज्या निःशंकपणे म्हणतो, त्या निःशंकपणाला आधार कोणता, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार गांभीर्याने हाताळलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांचे म्हणणे असे की, अनेक ज्ञाने एकाच वेळी उत्पन्न होत नाहीत आणि हीच मनाच्या अस्तित्वाची खूण होय. मन अणुपरिमाण असल्यामुळे ते एका वेळी एकाच इंद्रियाशी संयोग पावते, आणि त्याचा संचार अतिशय शीघ्र असल्यामुळे, गरगर फिरविलेल्या कोलितातून जसे अखंड अग्निचक्र दिसते, तसा आपल्याला यौगपद्याचा भास होतो. हा सिद्धांत स्वीकारला म्हणजे मात्र एक मोठी जबाबदारी अंगावर येते: खरोखर एकत्र घडलेले काय आणि केवळ एकत्र पोहोचलेले काय, याचा निवाडा कोणत्या प्रमाणाने करावयाचा?

या प्रश्नाची अत्यंत काटेकोर परीक्षा आज शर्यतमार्गावर होते. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा ५.१२५ किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. अशा मार्गांवर ‘ट्रॅक डे’ला हौशी चालक स्वतःची वाहने पळवितात, आणि मोबाइलवरील लॅप टायमिंगचे अ‍ॅप प्रत्येक फेरीचा हिशेब ठेवते. या अ‍ॅपची इंद्रिये अनेक आहेत. जीपीएस स्थान आणि वेग सांगतो, पण मोबाइलमधला बहुधा सेकंदाला एकदा, तर बाहेरून जोडलेला दहा किंवा पंचवीस वेळा; त्वरणमापक सेकंदाला शंभर वेळा बोलू शकतो; कॅमेरा तीस चित्रे घेतो; इंजिनाचे फेरे आणि थ्रॉटलची स्थिती मोटारीच्या ओबीडी जोडणीतून, प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी अशा रीतीने, ब्लूटूथवरून येते. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदात ५० मीटर अंतर तोडते. म्हणून थ्रॉटल सोडल्याची वर्दी ०.२ सेकंद उशिरा आली, तर चालकाने पाय जेथे उचलला त्याच्या १० मीटर पुढे तो उचलला असे नकाशावर दिसते. आणि यंत्राच्या विलंबाला स्वतःचे धैर्य समजून तो पुढच्या फेरीत त्या बिंदूवर विसंबला, तर ज्ञानातील दोष देहावर बेततो.

या दोषाचे मूळ असे की, अ‍ॅप पुष्कळदा घटना घडल्याचा काळ न नोंदता तिची वार्ता पोहोचल्याचा काळ नोंदते. कचेरीच्या आवक बारनिशीतली तारीख पत्र केव्हा दाखल झाले एवढेच सांगते, ते केव्हा लिहिले गेले हे सांगत नाही. तसाच हा प्रकार. यावरून असे दिसते की, प्रमाणाची योग्यता केवळ त्याच्या शीघ्रतेवर अवलंबून नाही. जो सेन्सर नेहमी नेमका ०.२ सेकंद उशिरा बोलतो, त्याची साक्ष तेवढीच मागे सरकवून ग्राह्य करता येते. पण जो कधी ०.०५ तर कधी ०.३ सेकंदांनी बोलतो आणि आपला विलंब सांगतही नाही, त्याचा निर्वाळा संशयितच राहतो. खुद्द जीपीएसचे प्रामाण्य असेच संपादन केलेले आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांतील घड्याळे सापेक्षतेच्या नियमांनुसार पृथ्वीवरील घड्याळांहून दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक आधीच हिशेबात धरून प्रक्षेपणापूर्वी त्यांची गती किंचित मंद ठेवलेली असते. त्यांचा दोष मोजला गेला, म्हणूनच ती विश्वासार्ह ठरली.

परंतु ज्या साक्षींपाशी समान घड्याळच नाही, त्यांचे काय? स्फटिकावर चालणाऱ्या दोन घड्याळांच्या गतीत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी वीस मिनिटांत त्यांच्यामध्ये २४ मिलिसेकंदांचे अंतर पडते. येथे एक उपाय योजता येतो: जीपीएसच्या वेगातून काढलेले त्वरण आणि त्वरणमापकाने टिपलेले त्वरण यांचे आलेख एकमेकांवर ठेवून, ब्रेक लागल्याच्या जागचे चढउतार जुळेपर्यंत त्यांतील एक मागेपुढे सरकवावयाचा. बौद्ध आचार्य दिङ्नागाच्या मते प्रत्यक्षाचा विषय वेगळा आणि अनुमानाचा वेगळा. नैयायिकांनी मात्र प्रमाणसंप्लव मानला, म्हणजे एकच अर्थ अनेक प्रमाणांनी जाणता येतो असे प्रतिपादिले. तो वाद दोन यंत्रांविषयी नव्हता हे उघड आहे, तरी त्याचा गाभा येथेही लागू पडतो. कारण ब्रेक एकदाच लागला आणि त्या एकाच घटनेने दोन्हीकडे आपला ठसा उमटविला, अशी निष्ठा असल्यावाचून आलेख जुळविण्याला काही अर्थच उरत नाही. मी या बाबतीत नैयायिकांच्या पक्षाचा आहे. समकालीनता इंद्रियांनी आयती दिलेली नसते, ती अनुमानाने मिळवावी लागते; तथापि जे अनुमित ते कल्पित, असे मुळीच नाही.

अनुमानाला मर्यादा मात्र असते. मोटार अंतिम रेषा ओलांडते तो क्षण बहुधा जीपीएसच्या दोन नोंदींच्या मध्ये पडतो, आणि अलीकडच्या व पलीकडच्या बिंदूंवरून तो गणिताने काढावा लागतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात म्हटले आहे की, परमाणूला पूर्वीची जागा सोडून पुढची गाठण्यास लागणारा काळ तो क्षण, आणि क्षणांचा समुदाय हा वस्तुरूप नसून बुद्धीने केलेला संग्रह होय; आपल्या मोजणीतील ही मधली पोकळीही बुद्धीच भरून काढते. १९९७ साली स्पेनमधील हेरेझ येथे फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत व्हिलनव, शूमाकर आणि फ्रेंट्झन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी एकच आली, तेव्हा आरंभीचा क्रम ज्याने ती वेळ आधी नोंदविली त्याला अग्रमान देऊन लावण्यात आला. मोजमाप जेथे संपले तेथे नियमाने ज्ञानाचा आव न आणता दुसऱ्या तत्त्वाचा आश्रय घेतला, आणि हेच न्याय्य होते. सेकंदाला दहा नोंदी घेणाऱ्या अ‍ॅपने सहस्रांशापर्यंतचा आकडा दाखविताना त्याच्या अनिश्चिततेचा तपशीलही द्यावा, हे त्याचे कर्तव्यच आहे.

सत्य म्हणजे जसे पाहिले, जसे अनुमानिले आणि जसे ऐकले, तशीच वाणी व तसेच मन असणे, असे त्याच व्यासभाष्यात सांगितले आहे. पाहिलेले, ताडलेले आणि दुसऱ्याकडून कळलेले यांची सरमिसळ होऊ न देणे, हा मला त्या व्रताचा फार मोठा भाग वाटतो. म्हणून कोणती नोंद मोजलेली, कोणती काढलेली आणि प्रत्येक साक्ष किती उशिराने आली, हे स्पष्ट लिहिणारे यंत्र सत्याच्या अधिक जवळचे मानावे. आणि इतरांच्या कृत्यांचा निवाडा करण्यापूर्वी आपल्याही ज्ञानाचा विलंब आपण तितक्याच प्रामाणिकपणे जाहीर करावा.