कुळाच्या वंशावळीत परक्यांचा वाटा

केनियाच्या २०१९च्या जनगणनेत ६८ लाखांहून अधिक लोकांनी आपली जमात 'लुह्या' असल्याचे सांगितले. किकुयूंच्या खालोखाल देशातली ही दुसऱ्या क्रमांकाची जमात. व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तरेकडून एल्गन पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या काकामेगा, बुंगोमा, व्हिहिगा आणि बुसिया या काउंट्यांत तिची मुख्य वस्ती आहे. लुह्या या छत्राखाली बुकुसू, मारागोली, वांगा, बान्योरे, तिरिकी, ताचोनी, सामिया असे सोळा-अठरा समाज येतात आणि त्या प्रत्येकाच्या पोटात कित्येक कुळे. एकट्या बुकुसूंचीच कुळे शंभराच्या वर भरतात. सरकारी अर्जावर माणूस लुह्या असतो. सोयरीक जुळवताना, मयताला जाताना किंवा बांधावरून भांडण झाले की त्याला आधी कुळ विचारले जाते.

यावरून एक सोपा निष्कर्ष नेहमी काढला जातो: लुह्या ही ओळख इंग्रजी अमदानीत घडवलेली, म्हणून वरवरची आणि कुळ मात्र रक्ताचे, म्हणून खरे. या विधानाचा पहिला अर्धा भाग इतिहासाला बराचसा धरून आहे. दुसरा अर्धा भाग नाही. कुळांच्या स्वतःच्याच कथा नीट ऐकल्या, तर त्यांत परका माणूस जागोजागी भेटतो.

आधी 'लुह्या' या नावाचे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकारी या सगळ्यांना 'बांटू काविरोंडो' म्हणत. लोक स्वतःला असे काही म्हणवत नव्हते. १९३१मध्ये काकामेगाच्या परिसरात सोने सापडले आणि गोऱ्या खाणवाल्यांची झुंबड उडाली. स्थानिकांच्या राखीव जमिनींना संरक्षण देणारा कायदा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्यात १९३२मध्ये दुरुस्ती झाली आणि खाणीसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीनच देण्याचे बंधन निघून गेले. ज्यांची जमीन कुळाकुळांत वाटलेली होती, त्यांना एकाच संकटापुढे एकत्र उभे राहावे लागले. मिशन शाळांत शिकलेल्या तरुणांनी १९३४मध्ये 'नॉर्थ काविरोंडो सेंट्रल असोसिएशन' स्थापन केली. कुळातली जाणती माणसे ज्या शेकोटीभोवती जमत, तिच्याशी जोडलेला 'अबालुह्या' हा शब्द याच पिढीने सर्वांसाठी उचलून धरला. १९४०मध्ये 'अबालुह्या वेल्फेअर असोसिएशन' आली. त्याच दशकात सर्वांसाठी एक लिखित भाषा ठरवण्याचाही प्रयत्न झाला. पण बुकुसू आणि मारागोली त्यात रमले नाहीत. मारागोलींजवळ तर १९२५पासून आपल्या बोलीतला छापील नवा करार होता. घरातली भाषा देवाच्या पुस्तकात पोचल्यावर ती दुसऱ्याच्या भाषेत विरघळू द्यायला कोण तयार होईल?

म्हणजे हे नाव जमिनीच्या भीतीतून आले. त्यामुळे ते खोटे ठरत नाही, आणि नव्वद वर्षांत त्याने शाळा, संघटना, मतदारसंघ आणि मैत्री घडवल्या आहेत. ते कुठून आले, एवढे मात्र लोकांना माहीत असते. कुळाच्या बाबतीत तसे होत नाही. ते अनादी वाटते.

वांगा समाजाचे राजकुळ अबाशित्सेत्से हे या सर्व कुळांत सर्वाधिक ख्यातनाम. जॉन ओसोगो आणि गिडियन वेरे या दोन केनियन इतिहासकारांनी १९६०च्या दशकात गावोगावच्या वृद्धांकडून ज्या मौखिक कथा टिपल्या, त्यांत या कुळाचा उगमही येतो. वांगा नावाचा तरुण भावाशी बिनसल्याने तिरिकीचा मुलूख सोडून इमांगाच्या टेकडीकडे आला. तिथे मुइमा नावाच्या प्रमुखाकडे तो ओळख लपवून राबत राहिला. पुढे केव्हातरी त्याच्या हातातले तांब्याचे कडे कोणाच्या तरी नजरेस पडले. ते राजवंशाचे चिन्ह होते. मुइमाच्या लोकांनी त्याला सत्ता दिली आणि त्याच्या वंशातून नाबोंगो, म्हणजे वांगांचे राजे, होत गेले. कथा राजकुळानेच जपलेली असल्याने ती त्याला अनुकूल असणार, हे धरून चालू. तरीही ती एक गोष्ट झाकत नाही: या भूमीवर आधी दुसरे कोणी होते आणि राजकुळाचा मूळपुरुष त्यांच्या दारी आश्रित म्हणून आला होता.

याच्याही मागे गेले, की अनेक लुह्या कुळांच्या कथांत 'मिस्री' येते. स्वाहिलीत मिस्री म्हणजे इजिप्त. आपण मिस्रीतून निघालो, नदीकाठाने खाली आलो, असे म्हातारे सांगत. बायबल घरोघरी पोचल्यावर इस्रायली लोकांच्या निर्गमनाची छाया या कथनावर पडली असणार, असे मानायला बरीच जागा आहे. भाषेचा पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. लुह्या बोली मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातल्या बांटू भाषांच्या कुळात बसतात. बांटूभाषक शेतकऱ्यांशी जोडली जाणारी उरेवे मातीची भांडी शेजारच्या सियाया भागातच सापडली आणि ती इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत मागे जातात. मिस्रीची कथा नकाशा म्हणून उपयोगाची नाही. आपण कुठूनतरी चालत आलो आणि वाटेत इतरांत मिसळलो, ही तिच्यातली आठवण मात्र मोलाची आहे.

राजकुळाची पुढची गोष्ट लिखित इतिहासात येते. १८८३मध्ये स्कॉटिश प्रवासी जोसेफ थॉमसन वांगांच्या राजधानीतून गेला, तेव्हा नाबोंगो मुमिया नुकताच गादीवर आला होता. किनाऱ्याकडून युगांडाकडे जाणारे काफिले तिथे थांबत. इंग्रजांना रसद आणि मित्र हवे होते, मुमियाला बंदुकांचा पाठिंबा हवा होता. १८९५मध्ये लुंबोको आणि चेतांबे इथल्या तटबंद गावांत बुकुसूंनी इंग्रजी फौजेला कडवी झुंज दिली आणि मोठी हानी सोसली. त्यानंतर १९०९मध्ये मुमियाला 'पॅरामाउंट चीफ' करण्यात आले. त्याचे भाऊबंद दुसऱ्यांच्या मुलखात अंमल गाजवू लागले: मुलामा मारामांवर, मुरुंगा उत्तर बुकुसूंवर. एका कुळाच्या सत्तेचा पसारा परकीय राजवटीच्या आधाराने असा वाढला. पुढे तीसच्या दशकात काही सुशिक्षित तरुणांनी मुमियाला साऱ्या अबालुह्यांचा प्रमुख मानावे अशी मागणी पुढे रेटली, तेव्हा सर्वांत तीव्र विरोध बुकुसूंचा होता. त्यांच्या लेखी ही एकी वांगांच्या राज्याचे दुसरे नाव होती.

बुकुसूंच्या ओळखीचा कणा म्हणजे मुलांचा सुंताविधी. सम वर्षांत, ऑगस्टच्या सुमारास, बुंगोमाचे रस्ते गाण्यांनी आणि घंटांच्या खणखणाटाने भरून जातात. कोवळ्या वयाचा मुलगा हातात 'चिन्यिंबा', म्हणजे धातूच्या घंटा, घेऊन त्या मनगटावरच्या कड्यांवर आपटत दूरदूरच्या नातेवाइकांना आमंत्रण द्यायला निघतो. अंगावर मणी, मागे गाणाऱ्यांचा घोळका. त्याला मामाकडे जावेच लागते. मामा गुरे कापतो आणि छातीच्या मांसाची लांब पट्टी, 'लुलिकी', भाच्याच्या गळ्यात घालतो. मुलगा बापाच्या कुळाचा असला तरी आईच्या कुळाने हा हार घातल्याशिवाय त्याचे पुरुषपण पुरे होत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला नदीवर नेतात. गार चिखल सर्वांगाला थापतात आणि डोक्यावरच्या चिखलात गवताचा एक तुरा खोचतात. 'सिओयाये' हे गाणे सुरू होते, आणि आले त्या वाटेने न परतता वेगळ्या वाटेने सगळे बापाच्या अंगणात येतात. तिथे शेकडो डोळ्यांसमोर मुलाने ताठ उभे राहायचे. पापणीही लवता कामा नये. पाते चालवण्याचा अधिकार ठरावीक कुळांत पिढीजात चालत आलेला असतो.

या विधीचा आरंभ बुकुसू ज्याच्या नावावर सांगतात, तो मांगो बाखुरार्वा कुळातला. म्विआला इथल्या गुहेत 'याबेबे' नावाचा भयंकर सर्प माणसे आणि गुरे गिळत असे. मांगोचीही मुले त्याने मारली. मांगो गुहेत दबा धरून बसला आणि सर्प परतताच त्याचे मुंडके तोडले. तुटलेले मुंडके उडून एका झाडाला डसले आणि झाडाची पाने गळून गेली. शेजारच्या 'बार्वा' लोकांनी, म्हणजे आजच्या साबाओत आणि त्यांच्या कालेंजिन बांधवांनी, हा पराक्रम मानला. इतका शूर माणूस सुंता करून घेण्यास पात्र आहे, असे त्यांनी ठरवले. बाखुरार्वांना या पूर्वजाचा सार्थ अभिमान आहे. पण कथेचा सांधा कुठे आहे, हे पाहिले पाहिजे: बुकुसू पुरुषत्वाची मोहोर ज्या विधीने उमटते, तो विधी शेजाऱ्यांकडून आला, असे खुद्द ही कथाच सांगते.

कथेला आणखी भक्कम पुरावा वयोगटांच्या नावांत मिळतो. एका काळात सुंता झालेल्या मुलांचा एक गट. असे आठ गट आणि त्यांचे चक्र सुमारे शतकभराने पुन्हा पहिल्यावर येते. बुकुसूंची नावे कोलोंगोलो, किक्वामेती, कानानाची, किन्यिकेऊ, न्यांगे, माइना, चुमा, सावा. कालेंजिनांची कोरोंगोरो, किपकोइमेट, काप्लेलाच, किम्न्यिगे, न्योंगी, माइना, चुमो, सावे. क्रमही तोच. बांटू भाषा बोलणारा बुकुसू आणि वेगळ्या भाषाकुळातली बोली बोलणारा कालेंजिन यांनी गुरांवरून एकमेकांवर असंख्य हल्ले केले, आणि तरी आपला काळ एकाच मापाने मोजला. वैर आणि देवाणघेवाण या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच शेजारात नांदल्या.

तिरिकींत हे आणखी उघड आहे. वॉल्टर सांग्री या अभ्यासकाने दाखवले आहे, की इतर भागांतून आसऱ्याला आलेली लुह्या कुळे शेजारच्या तेरिक या कालेंजिन समाजाची दीक्षा घेऊन तिरिकी झाली. दीक्षा घेतलेला तो आपला, मग बाप कुठलाही असो. ताचोनींच्या कित्येक कुळांची मुळे तर कालेंजिन बाजूचीच सांगितली जातात. आज ते लुह्या बोली बोलतात आणि लुह्यांत मोजले जातात.

मग कुळ टिकते कशावर? बाप, आई आणि आज्या यांच्या कुळात लग्न वर्ज्य, हा एक नियम. आणि मयत. प्रतिष्ठित बुकुसू वृद्ध गेला, की दफनानंतर 'कुमुसे' भरते. ठरावीक कुळातला अधिकारी वक्ता हाती काठी घेऊन बसलेल्या गर्दीतून येरझारा घालतो आणि तासन्‌तास बोलतो: कोण कोणाचा, कोणते कुळ कुठून आले, कोणाशी सोयरीक चालते, कोणी शब्द मोडला. लोकांना वंशावळ कळते ती इथे, आणि ती दर वेळी जिवंत माणसांच्या गरजेनुसार पुन्हा सांगितली जाते.

परंपरा नव्या कामालाही लागते. बान्योरेंच्या बुन्योरे मुलखातल्या अबासिएक्वे कुळाचे न्गान्यी घराणे पाऊस सांगण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. राखलेल्या देवरायांतली झाडे कधी फुलतात, कीटक-पक्षी कसे वागतात, यावरून ते अंदाज बांधतात. अलीकडच्या काळात केनियाच्या हवामान खात्याने त्यांच्याबरोबर बसून हंगामाचे अंदाज एकत्र ठरवण्याचा उपक्रम केला. घराण्याच्या शब्दाला गावात वजन आहे, म्हणून खात्याचा अंदाजही लोकांनी मनावर घेतला.

हा सगळा इतिहास आठवायचे कारण आजचे आहे. 'आमच्या कुळात असे चालत नाही' हे वाक्य मुलींना जमीन नाकारताना सर्वांत जास्त ऐकू येते. व्हिहिगात दर चौरस किलोमीटरला हजाराहून अधिक माणसे राहतात आणि वाटण्या होत होत शेते परसाएवढी उरली आहेत. बापाची भीती समजण्यासारखी आहे: मुलगी लग्न करून दुसऱ्या कुळात जाईल आणि जमीनही जाईल. पण त्यासाठी परंपरेचा दाखला देणे टिकत नाही. ज्या कुळांनी आश्रिताला राजा केले, शेजाऱ्याचा विधी उचलला, दीक्षा घेणाऱ्या परक्याला भाऊ मानले, त्यांना लेकीसाठी जागा करणे अशक्य नाही. मामाच्या हाराशिवाय पुरुष न होणाऱ्या समाजात आईचे कुळ आधीपासूनच केंद्रात आहे.

केनियाची न्यायालये दोन्ही दिशांना गेली आहेत. १९८७मध्ये शेजारच्या लुओ समाजातले वकील एस. एम. ओतिएनो यांच्या दफनाचा वाद झाला. पत्नी वांबुई यांना नैरोबीजवळ दफन हवे होते, उमिरा कागेर कुळाला मूळ गावी. न्यायालयाने कुळाच्या बाजूने निकाल दिला. २००५च्या रोनो खटल्यात मात्र अपील न्यायालयाने, मुली लग्न करून जातील म्हणून त्यांना कमी वाटा, हा खालचा निर्णय फिरवून मुलगे-मुली समान धरले. २०१०च्या राज्यघटनेने जमिनीसंबंधीच्या रूढींतला लिंगभेद संपवण्याचे तत्त्व स्वीकारले. तरी वारसाच्या अर्जासोबत गावच्या चीफचे पत्र लागते, आणि मृताचे वारस कोण ते त्यात लिहिलेले असते. चीफ ही यादी बहुधा कुळातल्या वडीलधाऱ्यांना विचारून करतो. मुलीचे नाव पहिल्यांदा गळते ते त्याच बैठकीत, कोर्टात प्रकरण पोचण्याच्या कितीतरी आधी. म्हणून वडीलधाऱ्यांनी वांगाचे कडे आणि मांगोची सुंता आठवायची ती त्या बैठकीत, पत्र लिहिले जाण्यापूर्वी.