ब्लॉकवरचा नंबर

छत्रपती संभाजीनगर

चि. भाचीस,


परवा रविवारी तू बॉनेटखाली वाकून ब्लॉकवर कोरलेला नंबर वाचलास, डिक्कीतल्या फाइलमधल्या पहिल्या बिलाशी ताडून पाहिलास आणि विचारलंस, "मामा, म्हणजे ही गाडी ओरिजिनल नाही?" तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलणं झालं नाही. दिवाळीनंतर ही ऑक्टाव्हिया तुझ्या नावावर करायची आहे. त्याआधी तिची सगळी हकिगत तुला ठाऊक असायला हवी.

ही गाडी आपल्या गावची. जालना रोडवर शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला आणि तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. इंजिन युरोपातून यायचं, जुळणी इथल्या हातांनी व्हायची. तोवर आपल्या शहराची ओळख वाळूजच्या दुचाकींनी होती. पुढे टर्बोवाली आरएस आली. १,७८१ सीसी, चार सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह: तीन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर टाकणारे. युरोपात हिच्या बहिणीला १८० अश्वशक्ती होती, आपल्याकडे १५०. तेवढ्यावरही नगर रोडला ओव्हरटेक करताना पाठ सीटला टेकायची. मी ही २००५ची गाडी २०१२ मध्ये दुसऱ्या हातानं घेतली.

आता ब्लॉकचं सांगतो. टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्की. तिचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगतो. म्हणून अशा इंजिनात तेल हाच प्राण. या जातीच्या इंजिनाची दुखरी जागाही तीच. हलकं तेल घातलं, ते बदलायला उशीर केला की उष्णतेनं त्याचा काळा गाळ होतो. चेंबरच्या तळाशी तेल ओढणाऱ्या नळीला जाळी असते, ती त्या गाळानं बुजते. मग चेंबर भरलेलं असूनही तेल वर चढत नाही.

२०१५च्या उन्हाळ्यात जालन्याहून येताना तेलाचा लाल दिवा लागला. घर जवळ आलंय म्हणून मी गाडी पुढे रेटली. तीन-चार किलोमीटरवर खडखडाट झाला आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. बिडाच्या ब्लॉकला मुठीएवढं भोक. लाल दिवा लागला की त्याच जागी इंजिन बंद करायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकलो. तुला ते शिकायला ब्लॉक फोडावा लागू नये.

नवा ब्लॉक मागवणं परवडणारं नव्हतं. अपघातात चेपलेल्या एका ऑक्टाव्हियाचा त्याच इंजिनाचा ब्लॉक मिळाला. लेथवर सिलिंडर मोजून घेतले, ८१ मिलिमीटरचा बोअर शाबूत होता. होनिंग केलं. रिंगा, बेअरिंगं, तेलाचा पंप, जाळी, टायमिंग बेल्ट सगळं नवं घातलं. हेड जुनंच, प्लेन करून बसवलं. महिनाभर इंजिन बांधणं चाललं.

इंजिनचा नंबर ब्लॉकवर असतो, म्हणून ब्लॉक बदलला की नंबरही बदलतो. तेव्हा एका जाणत्या माणसानं मला सुचवलं, "हा नंबर घासून टाकू आणि तुमचा जुना पंच करू. कुणाला कळायचं नाही." सोपं होतं. मी नाही म्हणालो. नंबर घासलेला ब्लॉक चोरीचा नाही, हे कोणी कशावरून मानावं? त्या गाडीच्या मालकाकडून लेखी पावती घेतली आणि तिच्या आरसीची नक्कल मागितली. ते सगळं आरटीओत दाखवलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ हेच सांगतं: असा बदल परवानगीनं करा आणि आरसीवर चढवा. विमा कंपनीलाही पत्र दिलं. खेपा झाल्या, दिवस गेले. पण २०२०मध्ये पंधरा वर्षं भरली आणि नूतनीकरणासाठी गाडी उभी राहिली, तेव्हा साहेबांनी चेसिसचा पेन्सिलनं ठसा घेतला, इंजिनचा नंबर वाचला, दोन्ही कागदाशी जुळले. माझी मान ताठ होती.

तरीही तुझ्या प्रश्नाला मी "काही फरक पडत नाही" असं उत्तर देणार नाही. फरक पडतो. परदेशात जुन्या गाड्यांचे शौकीन पहिलं इंजिन शाबूत असलेल्या गाडीला जास्त मोल देतात. आपल्याकडे २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हटलं, पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं, ही अट घातली. कारखान्यातून निघालेला ब्लॉक एकदाच असतो. माझ्या हातून तो गेला, आणि ती उणीव या गाडीत कायम राहील.

पण उणीव असणं वेगळं आणि गाडी खोटी असणं वेगळं. आपण वेरूळला जातो ते घृष्णेश्वराचं देऊळ आठव. मालोजीराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला, पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी ते पुन्हा उभारलं. कुणी कधी काय केलं ते सगळ्या मुलुखाला ठाऊक आहे, म्हणून त्या देवळाला कुणी नकली म्हणत नाही. लपवलेली दुरुस्ती म्हणजे फसवणूक, सांगितलेली दुरुस्ती म्हणजे इतिहास. गाडीचंही असंच आहे.

म्हणून तुझ्याकडे तीन गोष्टी मागतो. तेल चांगल्या प्रतीचं, सिंथेटिक, आणि ठरल्या वेळेच्या आधी बदल. वेगानं आल्यावर इंजिन लगेच बंद करू नकोस, मिनिटभर चालू ठेव. टर्बो तापलेला असताना त्यात अडकलेलं तेल जळून कोळसा होतं. आणि कधी गाडी विकायची वेळ आली, तर भाव ठरायच्या आधी ब्लॉकची गोष्ट सांग, मग दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

आणखी एक. जिन्याखाली पोत्यात गुंडाळलेलं जे जड धूड आहे, ते भंगार नाही. तो या गाडीचा मूळ ब्लॉक आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी मी त्याला तेल लावतो. भोक आहे, पण नंबर स्वच्छ वाचता येतो. बिडाला टाके घालून जोडणारे कारागीर आजही आहेत. २०५५मध्ये ही गाडी पन्नास वर्षांची होईल. तेव्हा तो ब्लॉक पुन्हा बसवायचा की नाही, ते तू ठरव. तोवर त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
मामा