बैरशेबाचे झाड आणि शेजाऱ्याची विहीर

शास्त्रभाग : उत्पत्ति २१:२२-३४

या शास्त्रभागात आधी विहिरीचा तंटा आहे, मग झाड आहे. अबीमलेखाच्या चाकरांनी विहीर बळकाविली होती. अब्राहामाने त्याविषयी उघड बोलून सात कोकरे साक्षीदाखल दिली, उभयतांनी शपथ वाहिली, आणि त्यानंतर त्या वृद्ध मनुष्याने बैरशेबाच्या कोरड्या भूमीत एक झाड लावून तेथे देवाची उपासना केली. आपले उपदेशक शपथेवर पुष्कळ बोलतात, झाडाजवळ मात्र थांबत नाहीत. आम्हीही पुष्कळ वर्षे थांबलो नव्हतो.

एका खेड्यातील मंडळीने आपल्या प्रार्थनामंदिरामागील उतारावर सागाची झाडे लाविली होती. ती चांगली उंच झाली. दर शनिवारी मंडळीतील स्त्रिया व मुले झाडांखालचा पाला झाडून जाळीत, आणि उरलेसुरले गवत शेळ्या खात. जमीन सारविलेल्या अंगणासारखी दिसे. त्या स्वच्छतेची आम्ही उपदेशपीठावरून स्तुती केली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे एका पावसाळ्याच्या अखेरीस खालच्या शेताचा धनी आम्हास हाताला धरून आपल्या विहिरीवर घेऊन गेला व म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्या देवळाची माती माझ्या विहिरीत बसली आहे." वर जाऊन पाहतो तो सागाची मुळे वीतभर उघडी पडलेली!

झाडे असून माती कशी वाहिली? पुष्कळांस वाटते की वरची पाने पाऊस अडवितात, एवढ्यानेच काम झाले. परंतु सागाच्या रुंद पानावर बारीक थेंब एकत्र होऊन मोठा थेंब बनतो, आणि पंचवीस-तीस फुटांवरून खाली येईपर्यंत त्याला जवळजवळ पूर्ण वेग पुन्हा येतो. खाली उघडी जमीन असली तर तो ढेकूळ फोडतो, उडालेली बारीक माती जमिनीची छिद्रे बुजविते, आणि पाणी आत न मुरता उताराने धावू लागते. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे एक लक्ष लिटरांहून अधिक पाणी होय. त्यास थोपविणारा तो पालापाचोळा, ते गवत, ती पायाखालची झुडपे, जी आपण केरात काढतो! पाल्याखाली गांडुळे व मुळे जी भोके पाडतात, त्यांतूनच पाणी खाली उतरते.

आणखी एक गोष्ट. झाड स्वतःही पाणी पिते. थोड्या पावसाच्या मुलखात दाट झाडी लाविली तर विहिरीचे पाणी घटूही शकते. तेव्हा झाडे लाविली की विहीर भरते, असे सरसकट सांगणारा उपदेशक अर्धेच सत्य सांगतो.

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) हिवरे बाजार हे गाव ख्रिस्ती लोकांचे म्हणून प्रसिद्ध नाही. तरी त्याजपासून शिकण्यास आपणास लाज वाटू नये. तेथे पाऊस फार थोडा. १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखाली गावकऱ्यांनी झाडे लाविली खरी, परंतु त्याबरोबर कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, आणि डोंगरउतारावर श्रमदानाने समतल चर खणले. मोकाट जनावर बंद झाले म्हणून गवत उठले. आमच्या मते लावणीपेक्षा ही बंदी कठीण. लावणीच्या दिवशी छायाचित्र निघते. दुसऱ्याची शेळी परतविताना भांडण निघते. (बाप्तिस्म्यांचा आकडा अहवालात येतो, परंतु त्यानंतर घरोघर जाणारी बायबलबाई येत नाही, तसेच हे.)

ईयोबाने आपल्या दुःखात म्हटले की जसा पाण्याचा लोट भूमीची माती वाहून नेतो, तशी मनुष्याची आशा नाहीशी होते. उन्हाळ्यात त्या गाळ भरलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहिल्यावर आम्हास ते वचन प्रथम समजले. अब्राहामाची विहीर दुसऱ्याने घेतली होती. येथे आपणच दुसऱ्याची बुजविली होती, तीही पवित्र आवारातील मातीने.

मंडळीच्या पंचांची सभा झाली. शेळ्या बांधावयाच्या व उतारावर झाडू मारावयाचा नाही, असे ठरले. दोन वडील मंडळींस पाचोळा पाहून अजूनही अवघडल्यासारखे होते. उताराला आडवे चर खणले. मग वैशाखात पुरुष, स्त्रिया व शाळेची मुले घमेली घेऊन खाली शेतात गेली, विहिरीचा गाळ काढला, आणि तीच माती डोक्यावरून वाहून पुन्हा सागांच्या मुळांशी आणून टाकिली. विहिरीचा धनी तिसऱ्या दिवशी आपली बैलगाडी घेऊन आला.