गंजलेला आटा

माणसाच्या बळाची परीक्षा जड वस्तू उचलताना होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जी वस्तू हलायला हवी आणि हलत नाही, तिच्यापुढे होणारी परीक्षा अधिक अवघड. तिथे बळ अपुरे पडण्याचे भय नसते, ते अधिक होण्याचे असते. प्रयत्न कुठे संपतो आणि जबरदस्ती कुठे सुरू होते, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला रोज हाताने सोडवावा लागतो.

मुखेडकडच्या विहिरींवर मोटेची जागा ऑइल इंजिनांनी घेतली आणि पुढे इंजिनांची जागा विजेच्या मोटारींनी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. तिची आणि तिच्यासारख्या इतरांची इंजिने खेडोपाडी पोचली. त्यांतले एखादे खोपीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि कोणाला तरी ते पुन्हा चालू करावेसे वाटते. मग ध्यानात येते की, नवे भाग बसवणे सोपे. जुने भाग एकमेकांपासून सोडवणे कठीण. पिस्टन लायनरमध्ये जाम झालेला असतो, हेडचे नट स्टडला धरून बसलेले असतात.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली केसभर फट तो भरतो आणि मग दोन्ही अंगांना रेटू लागतो. अशा वेळी पान्याला लांब नळी लावून जोर केला, तर नट सुटण्याआधी स्टडच पिळवटून तुटतो. जाणता मिस्त्री आट्यात डिझेल सोडतो, नट तापवून गंजाची पकड फोडतो, किंचित सैल करतो आणि पुन्हा किंचित आवळतो. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवल्यावाचून तो हातोडी उचलत नाही. मिलानच्या गाज्जियाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणलेली दांड्याची कॉफीयंत्रे आज हौसेने दुरुस्त करणाऱ्यांनाही हेच करावे लागते. तिथे पाण्यातला क्षार साचून भाग अडकतात, इतकाच फरक.

यावरून ‘धीर धरावा’ असा बोध काढून मोकळे होता येईल. पण तो अपुरा आहे. खोपीतल्या इंजिनाशी कोणी घाई केली नव्हती. त्याच्याकडे कोणी फिरकले नाही, म्हणूनच ते गंजले. धीर आणि हयगय बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोन्हींत वस्तू जागच्या जागी असते. धीर धरणारा मात्र रोज येऊन तेल सोडतो आणि काल किती हलले, आज किती हलते, ते पाहतो. म्हणून बळजबरीच्या उलट टोकाला नुसते थांबणे नाही. तिथे राबती काळजी आहे.

सगळे उपाय थकले, की मिस्त्री छिन्नीने नट फोडतो. नट बाजारात मिळतो, ब्लॉक मिळत नाही. यंत्रापुरता हा हिशेब निर्दोष आहे. तोच माणसांना लावला जातो, तेव्हा मात्र थबकायला हवे.

याच मुखेड तालुक्यात लेंडी नदीवर महाराष्ट्र आणि तेलंगण यांचा धरणप्रकल्प आहे. त्याच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली, हसनाळ, रावणगाव अशा गावांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. धरण हवे की नको, हा इथे प्रश्न नाही. पण गाव हलवणे म्हणजे अडकलेला भाग सोडवणेच आहे. त्यात कोणाला नट मानायचे आणि कोणाला ब्लॉक, हे ठरवणार कोण? नटाला स्वतःचे मत नसते. ज्या कुटुंबाला आपण किरकोळ भाग समजतो, त्याच्या लेखी त्याचे घर म्हणजेच ब्लॉक असतो.

आणखी एक भेद आहे. पिस्टन कुठे धरला आहे, ते त्याला सांगता येत नाही. मिस्त्रीला ठोकून, कान देऊन अंदाज बांधावा लागतो. माणूस तर सांगू शकतो. मोबदला मिळाला नाही, नव्या जागी पाणी नाही, शेत दूर पडते, देव मागे राहतो, हे तो बोलून दाखवतो. विचारण्याची सोय असताना जो विचारत नाही, त्याला हातोडी उचलण्याचा अधिकार नाही. आणि विचारून जो वर्षानुवर्षे काही करत नाही, त्याने आपल्या हयगयीला धीर म्हणू नये. खोपीतल्या गंजाला फार तर एक इंजिन मुकते. इथला गंज माणसांवर बेततो.