अक्षतांची सोय

गौरी-गणपती आठवड्यावर आले की घरोघरी एक धास्ती शिरते. माळे उपसले जातात, पडदे धुतले जातात, पाहुणे किती आणि गाद्या किती याचे हिशेब रात्री उशिरापर्यंत चालतात. या धावपळीच्या पाठीशी धर्म उभा आहे असंही आपण धरून चालतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला गुरू अतिथीला देव मानायला सांगतात. मग देवाच्या सरबराईत काही उणं राहून कसं चालेल? प्रश्न रास्त आहे. पण देव खरोखर घरी येतो तेव्हा आपण त्याचं काय करतो, हे आधी पाहायला हवं.

षोडशोपचार पूजा म्हणजे मुळात पाहुणचारच. आवाहन करायचं, आसन द्यायचं, पाय धुवायला पाणी, मग अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप आणि त्यानंतर नैवेद्य. वाट तुडवून दारात आलेल्या माणसाला जे ज्या क्रमाने लागेल, साधारण त्याच क्रमाने. याच पूजेत एक विलक्षण सोय आहे. अलंकार नसतील तर त्यांच्या नावाने अक्षता वाहायच्या आणि पुढे जायचं. अक्षत म्हणजे न तुटलेला दाणा. वस्तू नसली तरी चालेल, देणं मात्र अखंड असावं, असा अर्थ त्यातून घेता येतो. शेवटी जे उणं राहिलं त्याची क्षमा मागायची, तीही पूजेचाच भाग म्हणून. उणीव राहणारच, हे विधी रचणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. देवाच्या पाहुणचारात असलेली ही मुभा नणंदेच्या किंवा मावशीच्या कुटुंबासाठी का नसावी?

उलट बाजूने महाभारताचं उद्योगपर्व पाहावं. शिष्टाईसाठी येणाऱ्या कृष्णाकरता दुर्योधनाने वाटेवर जागोजागी सजवलेली विश्रामस्थानं उभारली. कृष्ण त्यांच्याकडे न पाहता हस्तिनापुरात आला, दुर्योधनाचं जेवण नाकारून विदुराकडे जेवला. यावर कुणी म्हणेल, दुर्योधनाच्या मनात कपट होतं. आमच्या घरची बाई तर मायेने राबते. खरं आहे, आणि त्या मायेचं मोल कमी करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण माया असली की राबणाऱ्याच्या थकव्याकडे पाहायचं नाही, असं कुठे सांगितलंय? मनुस्मृतीसारखा कठोर ग्रंथ घ्या. वर्णानुसार पाहुण्यांची प्रतवारी लावणारा हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, आणि त्यामागचं कारण आजही तितकंच खरं आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायातही अतिथीसाठी सज्जनाच्या घरी कधीच न संपणाऱ्या म्हणून चारच गोष्टी सांगितल्या आहेत: बसायला गवत, टेकायला जागा, पाणी आणि गोड शब्द. शिवाय नव्या सुना, आजारी माणसं, गर्भवती स्त्रिया यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावं, असं तो बजावतो. त्यालाही जे कळलं ते विसरून, सगळ्यांची पंगत उठल्यावर थंड भात वाढून घेणाऱ्या सुनेला आपण सुगरण म्हणून गौरवतो. पूजेला यजमान म्हणून पाटावर बसणाऱ्याने पाहुण्यांच्या गाद्या घालायला, भांडी विसळायला उठावं. निम्मा ताण तिथेच उतरेल.

स्वच्छतेचं काय? ती हवीच, लक्ष्मीपूजनाला केरसुणी पूजणाऱ्या समाजाला ते वेगळं सांगायला नको. मोरी, पाण्याची भांडी, अंथरुणं स्वच्छ असावीत, कारण त्यांचा पाहुण्याच्या अंगाशी संबंध येतो. शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्यांचा तसा येत नाही. राहिली नावं ठेवणाऱ्यांची भीती. ती खोटी नाही, वर्षानुवर्षं टोमणे ऐकलेल्या बाईला ती झटकून टाक म्हणणं सोपं नाही. तिच्या वतीने उत्तर द्यायची जबाबदारी घरातल्या बाकीच्यांची आहे, आणि पाहुण्यांचीही.

ज्येष्ठागौरी तीन दिवसांच्या माहेरवाशिणी: अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर पूजा घेतात, मूळावर निघतात. पुरणपोळीचा थाट असतो तो दुसऱ्या दिवशी. आल्या त्या संध्याकाळी अनेक घरांत त्यांच्यापुढे भाजी-भाकरीच ठेवली जाते.