सांत्वनाचे वेतन

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावातून येऊन मानसशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे नोकरीच्या चिंतेबरोबरच एक धर्मप्रश्न उभा राहतो: दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे वेतन घ्यावे काय? संत जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, तेथे सांत्वन हे कीर्तनकाराचे आणि शेजाऱ्याचे कर्तव्य मानले गेले. परंतु विषाद, म्हणजे माणसाची कर्तृत्वशक्तीच गोठवणारी खिन्नता, ओळखण्यास प्रशिक्षण लागते, आणि त्या श्रमाचे मोल घेतल्याने स्वधर्म, म्हणजे वाट्याला आलेले कर्तव्य, मुळीच ढळत नाही. शालेय समुपदेशन वा मनुष्यबळ विभाग हे मार्ग आहेतच. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञास पदव्युत्तर पात्रता आवश्यक असल्याने, केवळ पदवीच्या बळावर उपचार आरंभणे हा अधर्मच होय.